नोंदीबाहेरचा आकडा

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तू फोन उचलत नाहीस. उचललास तरी काय बोलायचं ते मला सुचणार नाही, म्हणून लिहितोय.

त्या दिवशी तू दारात हात आडवा धरलास आणि म्हणालीस, "तू आत येऊ नकोस." मी जिना उतरून खाली आलो. वर बघितलं तर खिडकीत चिंगी उभी होती. तिनं हात हलवला आणि कोणीतरी तिला मागे ओढलं. ते तुझं बरोबरच होतं असं मला वाटतं. भाऊजी ज्या कोल्ड स्टोरेजमध्ये गुदमरून गेले, तिथल्या भोंग्याचा प्रोग्रॅम तुझ्या सख्ख्या भावानं लिहिलाय. मला घरात घेऊन तू कुठं बसवणार होतीस?

पण एकदा मला नीट सांगू दे. तिथल्या खोल्या ज्या अमोनियानं गार राहतात, तो गळला तर कळावं म्हणून भिंतींवर मोजणारी यंत्रं आहेत. त्यांचे आकडे माझा प्रोग्रॅम वाचतो. हवेतलं प्रमाण पंचवीसच्या वर गेलं की भोंगा वाजवायचा आणि गार करणारं मशीन बंद पाडायचं, एवढंच त्याचं काम. त्या कंपनीच्या पाचही कोल्ड स्टोरेजना आम्ही तोच प्रोग्रॅम दिलाय.

गेले आठ दिवस मी त्यातली ओळ न् ओळ तपासतोय. आमच्या कामात प्रत्येक बदलाची नोंद राहते. कोणी केला, कधी केला, काय खोडलं, काय घातलं, सगळं. ती सगळी नोंद मी पहिल्यापासून वाचून काढली. चूक सापडत नाही, ताई. प्रोग्रॅम मुद्दाम चुकीचे आकडे देऊन चालवून बघितला, तरी तो सव्विसाव्या आकड्याला बोंबलतो.

मी हात झटकतोय असं समजू नकोस. शोधणं थांबवलेलं नाही. सापडेल ते आधी तुला सांगेन, मग माझ्या ऑफिसला.

चिंगीला जवळ घे.

तुझा,
बारक्या


१७ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं पत्र मी तीन दिवस फोडलं नव्हतं. काल चिंगीनं फोडलं आणि मला मोठ्यानं वाचून दाखवायला लागली. "सव्विसाव्या आकड्याला बोंबलतो" इथं ती हसली. तू बोंबलतो लिहिलंस म्हणून. मी तिच्या हातातून कागद घेतला.

आता मी सांगते, तू नीट ऐक.

ह्यांची दुपारची पाळी होती. मी दुकानात होते. एक म्हातारे गृहस्थ चष्म्याची काडी वाकडी झाली म्हणून आले होते, ती मी गरम करून वळवत होते. फोन आला तेव्हा त्यांचा चष्मा माझ्या हातात होता. मी तो तसाच घेऊन पळाले. तो माणूस बिचारा मागून ओरडत होता, "बाई, मला दिसत नाही हो."

आतल्या खोलीत पैलवान आणि मिशीवाला, दोघं हमाल, खोकी रचत होते. पाइपाचा सांधा थोडा थोडा गळत होता. तिथं वास कायमच असतो, सगळ्यांची नाकं मेलेली. मग सांधा सुटलाच. हे बाहेरच्या खोलीत मशीन सांभाळत होते. तोंडाला ओला रुमाल बांधून आत शिरले. मिशीवाल्याला ओढत दारापर्यंत आणलं, पण त्याच्यात काही उरलं नव्हतं. बाहेरचे म्हणाले, आता जाऊ नका. हे पैलवानासाठी परत आत गेले. आणि तेव्हा तुझा भोंगा वाजला, बारक्या. हे दुसऱ्यांदा आत गेल्यावर.

त्यांचे कपडे मला पिशवीत घालून दिले. चार वेळा धुतले, वास जात नाही.

मोठे साहेब स्वतः येऊन गेले, व्यवस्थापक. दोनदा आले. चिंगीसमोर जमिनीवर बसले, डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "यंत्रांनी दगा दिला हो. माणसं काय करणार?" तुझं नाव त्यांनी घेतलं नाही. मीच घेतलं. ते चिंगीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

पैलवानाची बायको आमच्याच गल्लीत राहते. रोज संध्याकाळी येऊन माझ्याजवळ बसते, बोलत काहीच नाही. तू माझा भाऊ आहेस हे तिला अजून माहीत नाही. कधी ना कधी कळेल. तेव्हा मी तिला काय सांगू, ते आधी मला लिही. भोंगा वेळेवर का वाजला नाही? बाकी काही लिहू नकोस.

ताई


२ मार्च

प्रिय ताई,

तू विचारलंस त्याचं उत्तर आता माझ्याकडे आहे. पण जरा आधीपासून सांगतो.

चौकशी अधिकाऱ्यांनी मला कोल्ड स्टोरेजवर बोलावलं होतं. तुमच्या गावात येऊन तुझ्याकडे आलो नाही, रागावू नकोस. तो आतला दरवाजा सील केलाय. बाहेरच्या खोलीत भाऊजींची खुर्ची तशीच आहे, पाठीला बांधलेली उशी आणि कपासकट. खिडकीवर दोन कबुतरं होती. साहेबांनी चहा मागवला. चांगले वागले.

अधिकारी म्हणाले, "तुमच्या ऑफिसातला प्रोग्रॅम बघितला. आता इथल्या कॉम्प्युटरवर तोच आहे का, ते दाखवा." मी आमची ती नोंदवही, म्हणजे गिट, तिथल्या मशीनवर उघडली. तिनं उत्तर दिलं की सगळं जसंच्या तसं, कुठंही बदल नाही. अधिकारी मान हलवून लिहायला लागले. तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं की हे उत्तर पुरतं खरं नसतं.

ताई, गिटला आपण आधीच सांगून ठेवलेलं असतं, की अमुक फायलींकडे बघू नकोस. म्हणजे फाइल मशीनवर असते, प्रोग्रॅम ती वाचतो, पण नोंदीच्या दृष्टीनं ती नसल्यासारखीच. यात लबाडी काही नाही, सगळीकडे असंच करतात. प्रत्येक कोल्ड स्टोरेजचे पासवर्ड वेगळे, भिंतीवरची यंत्रं कमी-जास्त, म्हणून त्या त्या जागेच्या सेटिंगची फाइल नोंदीबाहेर ठेवतात. तसा नियम मीच लिहिला होता. आता ज्यांच्याकडे बघू नको म्हटलंय त्याही दाखव, असं गिटला सांगता येतं. गिट स्टेटस लिहायचं, जागा सोडायची, दोन आडव्या रेघा आणि त्यांना चिकटून इग्नोअर्ड. मी तसं केलं. खाली चार-पाच फायलींची नावं आली. कचराच बराचसा, आणि त्यात ती सेटिंगची फाइल. ती उघडून बघितली.

तिच्यात विशेष काही नव्हतं.

चूक माझ्या प्रोग्रॅमचीच आहे. यंत्राकडून आकडा यायला उशीर झाला तर तो थांबून राहतो, ते माझ्या आधी लक्षात आलं नव्हतं. पैलवानाच्या बायकोला तू तसंच सांग. माझं नाव सांगितलंस तरी चालेल.

एक विचारायचं होतं. डिसेंबरमध्ये भाऊजी कामाबद्दल काही बोलायचे का? कटकट, वैताग, असं काही? सहज विचारतोय.

बारक्या


१२ मार्च

बारक्या,

पैलवानाच्या बायकोला मी सांगितलं. "भोंगा माझ्या भावानं बनवला, आणि तो म्हणतो की चूक त्याचीच आहे." तिनं मांडीवरचा पदर नीट केला. मग म्हणाली, "निदान म्हणाला तरी." आणि उठून गेली. दोन दिवस आली नाही. काल परत आली. अजून बोलत नाही.

साहेबांनाही तुझ्या कबुलीचं कळलंय. म्हणाले, "तुमचा भाऊ मनाचा मोठा आहे, आता चौकशी लवकर संपेल." फळांची परडी ठेवून गेले.

पण बारक्या, मी तुला न्हाऊ-माखू घातलंय. तू खोटं बोलतोस तेव्हा आधी भरमसाट खरं बोलून घेतोस. शेजारच्यांची काच फुटली तेव्हा तू आईला चेंडू कुठं विकत घेतला, कितीला घेतला, रंग कसा होता सगळं सांगितलंस, आणि शेवटी म्हणालास, "मग तो आपोआप गेला." तुझं हे पत्र तस्संच आहे. कबुतरं काय, उशी काय, दोन आडव्या रेघा काय. आणि ती फाइल उघडल्याबरोबर, "विशेष काही नव्हतं." मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस, ओळ न् ओळ तपासली आणि चूक नाही. आता एका ओळीत चूक सापडली, आणि तीही मला न कळणारी.

काय होतं त्या फायलीत?

डिसेंबरचं विचारलंस. डिसेंबरात आमच्या घरात चिंगीच्या हाताशिवाय दुसरा विषय नव्हता. झोपाळ्यावरून पडली, कोपराजवळ मोडला, महिनाभर प्लास्टर. कामाची कटकट त्याआधी होती. तो भोंगा सारखा वाजायचा. हे घरी येऊन चिंगीला म्हणायचे, "तुझ्या मामाचा कोंबडा आज तीनदा आरवला." वाजला की मशीन बंद, माल अडायचा, साहेब ह्यांच्यावर ओरडायचे. हे म्हणायचे, "साहेब, कुठंतरी गळतंय म्हणून वाजतोय, सांधे बदलून घ्या." पुढं वाजायचा बंद झाला. हे खूश झाले. म्हणाले, "बारक्यानं दुरुस्त केला वाटतं."

आता सरळ लिही. मला लहान समजू नकोस, मी मोठी आहे.

ताई


२४ मार्च

ताई,

तू विचारलं नसतंस तर मी हे मरेपर्यंत सांगितलं नसतं. आता सांगतो. बसून वाच.

त्या फायलीत भोंग्याची मर्यादा असते. मी ती पंचवीस ठेवून दिली होती. तिथं दोनशे पन्नास होती. कोणीतरी पुढं एक शून्य वाढवलं होतं. म्हणजे माणूस गुदमरायला लागेपर्यंत भोंग्यानं गप्पच बसायचं.

कोणी वाढवलं, हे ती फाइल सांगत नाही. नोंदीत असती तर नाव, दिवस, कारण सगळं असतं. नोंदीबाहेरच्या फायलीला फक्त शेवटचा हात कधी लागला तेवढं कळतं. अकरा डिसेंबर, सकाळचे साडेअकरा. मी मोबाइलवर फोटो काढून घेतला. अधिकारी तेव्हा बाहेर फोनवर होते. मग मी भिंतीवरचा पाळ्यांचा तक्ता मागं चाळून बघितला. अकरा डिसेंबर, सकाळची पाळी, भाऊजींचं नाव.

आणि आणखी एक. डिसेंबर संपता संपता भाऊजींचा मला फोन आला होता. हसत होते. म्हणाले, "तुझा कोंबडा आता शहाणा झाला रे." मी दुसऱ्या कामात होतो. "हो का, बरं झालं," म्हणालो आणि ठेवून दिला. त्या दिवशी त्या खुर्चीशेजारी उभं राहून ते हसू मला आठवलं. त्यांनी स्वतःच त्याचं तोंड बंद केलं आणि मला आडून सांगितलं, असं मला वाटलं. साहेबांची बोलणी खाऊन कंटाळले असतील. माणूस कंटाळतो, ताई. त्यांच्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं.

मग मी काय करायला हवं होतं? अधिकाऱ्यांना फाइल दाखवली असती, तर पैलवानाच्या आणि मिशीवाल्याच्या मरणाला भाऊजी जबाबदार ठरले असते. तू त्याच गल्लीत राहतेस. चिंगी त्याच शाळेत जाते. मला बायको नाही, पोर नाही. माझं नाव गेलं तर जाऊ दे म्हटलं. अधिकारी परत आत आले तेव्हा मी फाइल बंद केली होती. त्यांना म्हणालो, चूक प्रोग्रॅमची आहे. परवा त्यावर सहीसुद्धा करून आलो.

ते वाईट नव्हते, ताई. ते दुसऱ्यांदा आत गेले ते कदाचित यामुळेच.

बारक्या


२९ मार्च

बारक्या,

अकरा डिसेंबरला चिंगीचा हात मोडला.

सकाळी नऊलाच शाळेच्या झोपाळ्यावरून पडली. मला दुकानात फोन आला, मी ह्यांना केला. हे तसेच उठून आले. साहेब तेव्हा म्हणाले, "पोरीचं आधी बघा. रजा मांडू नका, पाळी तुमच्याच नावावर राहू दे. मी स्वतः बसतो इथं." आम्ही त्यांना किती दुवा दिला होता! हे दिवसभर हॉस्पिटलच्या बाकावर चिंगीला मांडीवर घेऊन बसले होते. प्लास्टर ओलं होतं, तिनं ते ह्यांच्या शर्टाला पुसलं. कोल्ड स्टोरेजमध्ये हे दुसऱ्या दिवशी गेले. आणि मग आठवडाभरानं म्हणाले, बारक्यानं कोंबडा दुरुस्त केला वाटतं. त्यांना माहीतच नव्हतं रे! तुला फोन केला तो तुझं कौतुक करायला केला. तू "बरं झालं" म्हणालास. "मी तर हातही लावला नाही," एवढं एक वाक्य तू बोलला असतास, तर त्यांनी लगेच मशीन उघडून बघितलं असतं.

मघाशी पेन खाली ठेवलं होतं, आता परत उचललंय.

तू माझ्या माणसाला इतकी वर्षं ओळखतोस. तुमच्याकडे आले की गॅसची शेगडी दोनदा बघून झोपायचे, त्यावरून तू त्यांची टिंगल करायचास. तो माणूस भोंग्याचं तोंड बंद करील? एक तक्ता बघितलास, एक हसू आठवलंस, आणि ठरवून मोकळा झालास. आणि वर मोठ्या मनानं त्यांना माफ केलंस! मला विचारायचं होतंस. एक दिवस, एक तारीख. चिंगीलाही पाठ आहे ती.

साहेबांनी दिलेली परडी अजून टेबलावर आहे. ते इथं जमिनीवर बसून रडले, बारक्या. मी त्यांना पाणी दिलं.

आजच्या आज जा. सगळं सांग. मी साक्षीला येते.

ताई


१५ एप्रिल

ताई,

पत्र मिळालं त्याच दिवशी निघालो. तू लिहिलंस त्यावर मला काही म्हणायचं नाही. प्रत्येक शब्द खरा आहे.

अधिकाऱ्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि फाइलचा गठ्ठा पुढं ओढला. "चौकशी पूर्ण झालेली आहे. तुमची सही आहे." मी फोटो दाखवला. ते म्हणाले, "यात एक आकडा आणि एक तारीख आहे. हात कोणाचा होता ते कुठंय?" मी म्हणालो, तेच मशीन परत उघडू, तक्ता बघू, माझी बहीण साक्ष देईल. तर मशीन नाहीच. अपघातातलं म्हणून काढून टाकलं, नवं बसवलं. जुनं पुसून भंगारात गेलं. तक्ताही नवा आहे. अधिकारी चष्मा काढून म्हणाले, "आधी एक सांगितलंत, आता दुसरं. उद्या तिसरं सांगाल. मयत तुमचेच नातेवाईक. मी तुमच्यावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या जोरावर?"

मी मोबाइल खिशात घातला. त्यांचा मला रागही आला नाही. खरं त्यांच्या हाताशी होतं, आणि ते मी स्वतः झाकलं.

अहवालात लिहिलंय, प्रोग्रॅममधला दोष, लिहिणाऱ्याची हयगय. माझी नोकरी गेली. खटला होईल असं वकील म्हणतात. साहेबांना बढती मिळाली, आता पाचही कोल्ड स्टोरेज त्यांच्या हाताखाली.

पण हे सगळं राहू दे. झोप लागू देत नाही ती गोष्ट वेगळीच आहे. माझ्या त्या खोट्या चुकीवर आमच्या ऑफिसनं एक दुरुस्ती केली आणि उरलेल्या चारही ठिकाणी पाठवली. सगळीकडे कागद लागले, प्रोग्रॅम सुधारला, आता काळजी नाही. ताई, अशी दुरुस्ती पाठवली की नोंदीतल्या फायली बदलतात. नोंदीबाहेरच्या फायलींना ती हातसुद्धा लावत नाही. तिथं कोणी शून्य वाढवून ठेवलं असेल तर ते तसंच आहे. आणि आता त्याच्यावर निर्धोक म्हणून शिक्का आहे.

मी चारही ठिकाणी फोन केले. दोघांनी नाव ऐकताच ठेवून दिला. एकजण म्हणाला, "तुम्हीच ना ते तिघांना मारणारे?" चौथ्यानं ऐकून घेतलं आणि वरिष्ठांना विचारतो म्हणाला. वरिष्ठ म्हणजे साहेबच.

काय करावं कळत नाही. करायचं काय ते मात्र अगदी सोपं आहे, पाच मिनिटांचं. खाली पायरी पायरीनं लिहून ठेवतोय, कोणाला वाचून दाखवता आलं तर बघ. कॉम्प्युटरवर आज्ञा टाइप करायचा काळा पडदा उघडायचा. प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये जायचं. दुर्लक्षित फायली दाखवायची ती आज्ञा द्यायची. सेटिंग नावाची फाइल उघडायची. मर्यादा या शब्दापुढचा आकडा बघायचा. तो पंचवीस हवा.

बारक्या


३ मे

बारक्या,

आम्ही जाऊन आलो. पैलवानाची बायको आणि मी.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं. हात मोडल्याचं, तक्त्याचं, तुझ्या सहीचं, सगळं. तुला पाठीशी घातलं नाही आणि साहेबांनाही नाही. तिनं ऐकलं आणि विचारलं, "दुसरीकडेही असंच असेल?" मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, "मग जाऊन बघू की." इतक्या दिवसांत तिचं हे सगळ्यात लांब बोलणं.

सगळ्यात जवळचं कोल्ड स्टोरेज बसनं दीड तासावर आहे. पाळी बदलायच्या वेळेला फाटकाशी उभ्या राहिलो. पहारेकरी आत सोडीना. माणसं यायला लागली, तशी ही पुढं झाली आणि प्रत्येकाला एवढंच म्हणायला लागली, "मी पैलवानाची बायको." हमालांमध्ये ही बातमी सगळीकडे पोचलेली आहे. जो तो थांबला. वीसेक जण जमले असतील. मग तिनं मला पुढं ढकललं.

मला भाषण येत नाही. मी म्हटलं, "तुमच्या मशीनमध्ये एक आकडा आहे. तो पंचवीस असेल तर आम्ही माफी मागून परत जातो."

त्यांच्यात एक ऑपरेटर होता, तिशीचा, ह्यांच्यासारखाच पाठीला उशी लावणारा असावा, काखेत होती. तो म्हणाला, "बाई, नवी दुरुस्ती आलीय, सगळं ठीक आहे म्हणून कागद लागलाय." मी म्हटलं, "कागद माझ्या भावाच्या खोट्या सहीवर लागलाय." त्यानं माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "चला, बघू तर खरं." पहारेकऱ्याला त्यांनीच बाजूला केलं.

आतल्या केबिनमध्ये तो टाइप करायला बसला, मी मागं उभी राहून सांगत होते. त्यानं आधी नुसतंच विचारलं, तेव्हा तुझं गिट म्हणालं, सगळं जसंच्या तसं. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "बघा, मी म्हटलं ना." मी म्हटलं, "थांबा, ज्यांच्याकडे बघू नको म्हटलंय त्या दाखवायला सांगा." पहिल्यांदा चुकलं. रेघ एकच दिली होती. मी म्हटलं दोन द्या. मग नावं आली. त्यानं सेटिंगची फाइल उघडली. बोट पडद्यावर टेकवलं. मी चष्म्याच्या दुकानात आहे, मला लांबचंही दिसतं. दोनशे पन्नास.

"ही जागा मी रोज सांभाळतो," तो म्हणाला. "रोज. डिसेंबरात एक दिवस तेवढे साहेब इथं येऊन बसले होते." मग त्यानं शेवटचं शून्य खोडलं आणि प्रोग्रॅम बंद करून परत चालू केला.

आणि भोंगा वाजला. त्याच क्षणी. मी कान झाकले. गार करणारं मशीन धडधडत बंद पडलं. तो भिंतीवरचे आकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरत होता. आतल्या खोलीत ऐंशीच्या वर गेलं होतं. तिथं सकाळच्या पाळीची सहा माणसं काम करत होती.

ती बाहेर आली. सहाच्या सहा, हातमोजे घातलेलीच. एकजण खोकत होता, एक जण चिडून म्हणाला, "काय कटकट आहे, आता कुठं रचून होत आलं होतं." पैलवानाची बायको दारात उभी होती. ती प्रत्येकाला हात लावून मोजत होती. सहावा आल्यावर तिनं त्याचा दंड धरला तो सोडेचना. तो बिचारा गोंधळून उभा राहिला. मग ती रडायला लागली, बारक्या. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा. मोठ्यानं, फाटकाबाहेरचे आत येऊन बघायला लागले इतक्या मोठ्यानं.

साहेबांना कोणीतरी फोन केला. तासाभरात गाडी आली. खाली उतरून ओरडायला लागले, काम कोणी बंद केलं म्हणून. ऑपरेटर म्हणाला, "साहेब, हा आकडा कोणी टाकला तेवढं सांगा, आम्ही लगेच आत जातो." साहेबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि मी दिसले. त्यांचं तोंड उघडं राहिलं. मला वाटलं होतं, समोर आले की त्यांच्या तोंडावर थुंकेन. तसं काही झालं नाही. मी नुसती बघत राहिले आणि ते गाडीत जाऊन बसले. काचा वर केल्या. माणसं गाडीच्या पुढंही उभी होती आणि मागंही. कोणी हात उगारला नाही. हलली मात्र नाहीत. या वेळी ऑपरेटरनं त्या कॉम्प्युटरला कोणालाही शिवू दिलेलं नाही. दोघांना पाळीनं त्याच्यापुढं बसवलंय, तुझ्या त्या अधिकाऱ्यांना इथंच बोलवा म्हणतात. ते येतील की नाही, आले तर काय लिहितील, मला माहीत नाही. यानं हे परत येणार नाहीत. तुझा खटलाही कदाचित चालेलच.

तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. तू माझ्यासाठी खोटं बोललास, हे मला दिसतं. त्या खोट्यानं ही सहा माणसं आत घातली होती, हेही दिसतं. दोन्ही एकदम कसं धरायचं ते मला अजून जमत नाही.

अजून तीन कोल्ड स्टोरेज राहिलीत. आम्ही परवा निघतोय, सकाळच्या पहिल्या बसनं. माझ्याच्यानं ते टाइप करवत नाही, रेघ एक की दोन यात माझा जीव जातो. तू ये. पैलवानाच्या बायकोला विचारलंय, ती म्हणाली, येऊ दे. चिंगी विचारत होती, मामा राहायला येणार की नुसताच खिडकीखालून जाणार. मी तिला सांगितलं, राहायला.

ताई